वाया जाणारा धूर

हे लिहायची पाळी यायला नको होती. हे मी बोलायला हवं होतं, रोह्याच्या जीप स्टँडवर, चारचौघांत, खणखणीत आवाजात. त्याला आता पंचवीस-सव्वीस वर्षं होतील. तेव्हा माझी दातखीळ बसली आणि बसली ती बसलीच. आता गुडघे गेलेत, लायसन कपाटात पडलंय, स्टँडवरचे निम्मे लोक वर गेलेत आणि वस्तादही गेले. म्हणजे आता खरं बोललं तर माझं काही बिघडत नाही. असला मी शूर माणूस.

सगळं रोहा त्यांना वस्तादच म्हणायचं. नाव होतं, पण ते रेशनकार्डावर. सकाळची शिफ्ट धाटावच्या केमिकल कंपन्यांत, एका कंत्राटदाराकडे वेल्डर म्हणून. दुपारच्या बसनं परत आले की घरी न जाता तडक स्टँडामागच्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये. अंगात कंपनीचा निळा डगला, डोक्यावर पिवळं हेल्मेट, तेही शेडमध्ये बसल्या जागी. पायात दोन गमबूट, एक काळा, एक पांढरा. भंगारात जोडी मिळाली नाही म्हणे. कुणी हसलं की म्हणायचे, "पाय काय भांडतात काय, तुझा काला का नि माझा पांढरा का म्हणून?" शेडला बोर्ड नव्हता. बोर्ड लावला की कुणीही येतं, हे त्यांचं म्हणणं. आणि आलेल्यानं बाहेरून हॉर्न वाजवला तर संपलंच. "वरात आणलीस काय रे? जा, नाय करत तुझा काम."

गाडी आली की मालकाला काही विचारायचे नाहीत. बॉनेट उघडायचे, वाकून कान लावायचे आणि गाडीशीच बोलायचे, गावातल्या एखाद्या बाईशी बोलावं तसे. "काय गो, काय झाला? आँ? कुठं दुखतंय?" मालकानं मध्ये तोंड घातलं की हात वर करायचे. "तुला नाय इचारला. तू खोटा बोलशील. ती नाय बोलत खोटा."

मी खोटं बोलायचोच. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं तुम्हाला धक्का बसायला नको. माझी जुनी डिझेल जीप रोहा-पेण मारायची, कोलाड, खांब, नागोठणं, वडखळ करत. नऊ माणसांची गाडी, पंधरा भरायचो. त्या दिवसांत डिझेलमध्ये रॉकेल मारणारे बरेच होते, मीही मारायचो. आमच्या असोसिएशनचा नियम मात्र कडक होता. पॅसेंजरच्या जिवाशी खेळ करताना सापडला की त्याचा नंबर गेला. नंबर म्हणजे लायनीतली पाळी. तो गेला की जीप घरापुढे उभी करून तिच्यात कोंबड्या ठेवायच्या. एकदा माझी भरलेली गाडी सुटायच्या वेळीच चालू होईना. वस्ताद आले, टाकीत काडी बुडवली, जिभेला लावली आणि माझ्याकडे बघितलं. आत पंधरा माणसं माना काढून बघतायत, शेजारी असोसिएशनचा अध्यक्ष उभा. वस्ताद थुंकले नि म्हणाले, "डिझेलात पाणी उतरलाय. पावसाची हवा हाय."

संध्याकाळी शेडमध्ये मात्र माझ्या पाठीत असा धपाटा घातला की तोंडातला चहा नाकातून आला. "परत रॉकेल मारलास तर तुलाच पाजीन!" मी म्हटलं, वस्ताद, मग तिथंच का नाही बोललात? तर म्हणाले, "गाडीवाल्याला ष्टँडावर खोटा पाडायचा नाय. उद्या त्याच्या गाडीत कोन बसंल? जे काय ते शेडमधी."

त्यांचा दुसरा नाद म्हणजे काही वाया जाताना बघवायचं नाही. शेडच्या पत्र्यावरून गळणारं पावसाचं पाणी पिंपात धरून रेडिएटरला वापरायचे. घरी चुलीच्या धुराड्याला तांब्याची नळी गुंडाळून वहिनींना अंघोळीचं पाणी फुकटात तापवून दिलं. दुसऱ्या दिवशी नळी फुटली, चूल विझली, भिंत काळी झाली. वहिनी आठ दिवस बोलल्या नाहीत. वस्तादांना त्याचं काही नाही. "वाया जातंय बघ," हे वाक्य दिवसातून वीस वेळा. कशाकडेही बोट करून म्हणायचे. एकदा माझ्या एका पॅसेंजरच्या घोरण्याकडे बोट करूनही म्हणाले.

गणपतीच्या आधीचे दोन महिने माझा खरा धंदा पेणला असायचा. तिथल्या एका कारखान्याचे गणपती मी पुण्याला पोचवायचो. शाडूच्या मूर्ती, पेंढ्यात बसवलेल्या, चांगल्याच जड. खोपोली सुटून घाट लागला की जीपचा जीव जायचा. दुसऱ्या गिअरला रडत, काळा धूर ओकत, दोनदा थांबून पाणी पीत ती वर पोचायची. त्या वर्षी कारखान्याच्या मालकानं सरळच सांगितलं, "तुमची गाडी घाटात झोपते हो. नवीन पिकअपवाले विचारून गेलेत. ह्या वर्षी उशीर झाला तर पुढच्या वर्षी येऊ नका." नवीन गाडी घ्यायला माझ्याकडे होतं काय? ती जीप, आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली.

वस्तादांना हे सांगितलं तर ते उठून उभेच राहिले. माझ्या धंद्याची काळजी नव्हती त्यांना. "काला धूर? घाटभर? वाया जातोय तो!" मग मला समोर बसवून शिकवलं. "चुलीत लाकडा तीच, पन फुंकनी मारलीस का जाळ होतो का नाय? तशी इंजिनाला फुंकनी मारायची. नि फुंकनार कोन? तोच धूर. धुराच्या वाटंत एक चक्री बसवायची. त्याच दांड्याला पलीकडं दुसरी चक्री. धूर हिला फिरवतो, ती तिकडनं इंजिनात हवा कोंबते. फुकट! त्याला टर्बो म्हंतात."

फुकट कसलं डोंबलाचं. नवा टर्बो घ्यायचा तर जीप विकावी लागली असती. वस्तादांनी दोन रविवार तळोज्याच्या भंगारात घालवले आणि कुठल्याशा परदेशी गाडीच्या फुटक्या इंजिनावरचा, नारळाएवढा टर्बो पिशवीतून आणला. वहिनींना कळू नये म्हणून वर मेथीची जुडी. धाटावच्या भंगारातली स्टीलची पाइपं कापून, वाकवून, डकवून धुराची नि हवेची वाट तयार केली. "ॲसिड पचवलेली पायपं हायत, तुझ्या धुराला काय घाबरतात?" टर्बोला तेल पोचवायची नळी मात्र नवी घ्यायला लावली. "हितं कंजुशी केलीस तर माझ्या शेडात पाय ठेवू नको." आणि हवेच्या फिल्टरला डबा पाहिजे होता, तर घरून लाडवांचा स्टीलचा डबा उचलून आणला आणि त्यात ट्रकचा कागदी फिल्टर बसवला. वहिनी शेडमध्ये येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "दिवाळीला लाडू काय तुमच्या टोपीत ठेवू?" वस्ताद मान वर न करता म्हणाले, "ठेव. रातभर वायाच जाते ती."

त्या डब्याबद्दल मला दहा वेळा बजावलं. "ती चक्री मिनिटाला किती फेरे मारते ठावं हाय? मोजायला बसलास तर म्हातारा होशील. तिला काडी नको, खडा नको, धूल नको. काय वाट्टेल ते कर, पन डबा काढायचा नाय."

स्टँडवरचे आठ-दहा जण रोज संध्याकाळी येऊन काम बघायचे. सगळ्यांचं आपसांत ठरलं होतं, ह्याची जीप दसऱ्यापर्यंत नीट चालली तर आपणही टर्बो बसवायचा, वस्तादांकडूनच. वस्तादांनी त्या भरवशावर कंत्राटदाराला सांगून टाकलं, दिवाळीनंतर येत नाय. कोलाड नाक्याला एक गाळा बघून ठेवला. वहिनींना तो दाखवायला माझ्याच जीपमधून नेलं. रिकाम्या गाळ्यात उभं राहून वहिनी म्हणाल्या, "हितं बोर्ड लावायचा हां." आणि बोर्डाच्या नावानं खडे फोडणारा तो माणूस लाजून "बरा" म्हणाला.

पुण्याच्या पहिल्या फेरीला वस्ताद माझ्या शेजारी बसले, हेल्मेट घालून. घाट लागला, मी सवयीनं दुसरा गिअर टाकायला गेलो तर हातावर चापट बसली. "ऱ्हाऊ दे तिसऱ्यात." आणि चढली हो जीप! मूर्तींचं वजन घेऊन, तिसऱ्या गिअरला, न रडता, न थांबता. बॉनेटखालून बारीक शीळ येत होती. ती टर्बोची शीळ. मी शेजारी बघितलं तर वस्तादांच्या गालावरून पाणी चाललेलं. "धूर गेला डोल्यात," म्हणाले. धूर तर त्या दिवशी नव्हताच.

आता माझी अक्कल ऐका. मला ती शीळ फार आवडली. पण लाडवांच्या डब्यातून ती दबकी यायची. पेणचा एक ड्रायव्हर मला म्हणाला, डबा काढून बघ, काय मजा येते. मी काढला. बापरे! रेल्वेच्या इंजिनासारखा आवाज. पेणच्या नाक्यावर माणसं वळून बघायला लागली. पोरी पण बघतात असं मला वाटायचं, दोन मुलींचा बाप असून. मग डबा सीटखालीच राहायला लागला. कारखान्याच्या अंगणात मातीची धूळ, पेंढ्याचा भुसा नुसता उडत असायचा, आणि मी त्यातून शीळ घालत फिरायचो. दर सोमवारी जीप वस्तादांना दाखवायला न्यायची असायची. त्याआधी मागच्या गल्लीत थांबून डबा जागेवर चढवायचा. "डबा काढत नायस ना?" "छे हो, वस्ताद." ते डब्यावर टिचकी मारून "शाबास" म्हणायचे.

अनंत चतुर्दशीला आमच्या स्टँडचा गणपती माझ्याच जीपवर निघाला. स्टँडपासून कुंडलिका नदीपर्यंत पावलापावलानं चार तास. गुलाल असा की पुढचा माणूस दिसेना, पोतीच्या पोती रिकामी झाली. सगळे नाचत होते, मी स्टिअरिंगवर अडकलेला. म्हणून मी जागच्या जागी इंजिन रेस करून शीळ घालत होतो. लोक ओरडायचे, अजून एकदा! मी अजून एकदा. जीप तोंड उघडून गुलाल ओढत होती आणि मी हसत होतो. वस्ताद पुढं कुठंतरी पिवळं हेल्मेट घालून नाचत होते.

चार दिवसांनी, भर दुपारी, पेणहून पंधरा माणसं घेऊन येताना खांबच्या अलीकडे ती शीळ एकदम फाटली. कडकड आवाज झाला, मागं पांढरा धूर, आरशात रस्ता दिसेना. आणि इंजिन आपोआप चढायला लागलं. माझा पाय वर, तरी ते चढतंय. चावी फिरवली, बंद होईना. टर्बोचा दांडा तुटून त्याचं तेल इंजिनात चाललं होतं आणि इंजिन ते तेल जाळत सुटलं होतं, हे मला मागनं कळलं. तेव्हा एवढंच कळलं की आपण आता पंधरा जणांना घेऊन मरतोय. एक म्हातारी मागनं माझी कॉलर धरून देवाचा धावा करत होती. कसाबसा क्लच दाबून गाडी कडेला घेतली, चौथा गिअर टाकला, ब्रेकवर उभा राहिलो आणि क्लच सोडून दिला. जीप गदगदा हलली आणि बंद पडली.

माणसं उड्या मारून शेतात पळाली. कुणाला ओरखडा नाही. आणि मी काय केलं? सीटखालून डबा काढला आणि बॉनेट उघडून जागेवर चढवला. हात भाजत होते, पण पट्टा घट्ट आवळला. आधी ते केलं, मग माणसांना पाणी विचारायला गेलो.

ट्रकमागे दोर बांधून जीप रोह्याला आणली. वस्तादांच्या शेडपुढे सगळा स्टँड जमला होता. अध्यक्ष म्हणाला, "पंधरा मानसं होती गाडीत. चूक कोनाची ती आत्ताच सांगा, उद्या नाय." सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या डोळ्यांपुढं माझा नंबर दिसत होता, दुसरं काही नाही.

मी म्हणालो, "मला काय विचारता? वस्तादांना विचारा. भंगारातला टर्बो माझ्या गाडीत घातला त्यांनी. मी आपला ते सांगतील तसं करत होतो."

वस्ताद पुढं झाले. बॉनेट उघडून आत वाकले. "काय गो," एवढंच म्हणाले, हळू. मी शेजारी वाकून उभा होतो. त्यांनी डबा खोलला, फिल्टर काढून उजेडात धरला. कोरा, पांढरा. मग डब्याच्या पुढच्या पाइपात बोट घातलं आणि बाहेर काढलं, ते लाल. दुसऱ्या पाइपात घातलं, लाल. गुलाल फिल्टरला चिकटलेला नाही आणि फिल्टरच्या पलीकडे थर बसलाय, ह्याचा अर्थ काय ते शेंबडं पोरही सांगेल. त्यांनी बोटाकडे बघितलं, फिल्टरकडे बघितलं, मग माझ्याकडे. आमची दोघांची डोकी बॉनेटखाली, सगळा स्टँड आमच्या पाठीशी. ते बोट आम्हा दोघांनाच दिसत होतं. मी नाही-नाही अशी मान हलवली. काय नाही, ते मलाच माहीत नाही. भीक मागत असणार, दुसरं काय.

त्यांनी बोट डगल्याला पुसलं, सरळ उभे राहिले आणि वळून म्हणाले, "टर्बो जुना होता. माझा अंदाज चुकला. ह्याची काय चूक नाय."

संपलं. अध्यक्ष म्हणाला, "तरी मी बोलत होतो, भंगार ते भंगार." एकेक जण पांगला. आठ-दहा जीपा बिनटर्बोच्याच राहिल्या. माझा नंबर शाबूत.

माणसं गेल्यावर मी शेडमध्येच थांबलो, धपाटा खायच्या तयारीनं. जे काय ते शेडमधी, हा त्यांचाच नियम. त्यांनी चार लगावल्या असत्या, आईवरून शिव्या घातल्या असत्या, मी रडलो असतो आणि कदाचित बाहेर जाऊन खरं बोललोही असतो. त्यांनी हात लावला नाही. इंजिन खोलायला बसले आणि म्हणाले, "चौदाचा पाना दे." महिनाभर रोज धाटावची शिफ्ट करून आल्यावर त्यांनी माझं इंजिन परत बांधलं, टर्बोशिवाय, एक पैसा न घेता. आणि मी देत होतो नि त्यांनी नाकारले असं नाही. मी दिलेच नाहीत. स्टँडवर कुणी म्हणालं की भरून द्यायलाच पाहिजे त्यांनी, तर मी मान डोलवायचो. आज हे लिहिताना कान तापतायत.

कोलाडचा गाळा दुसऱ्या कुणी घेतला. कंत्राटदाराकडे दिवाळीनंतरही कामावर ठेवा म्हणून सांगायला गेले तेव्हा त्यानं कमी पगारावर ठेवलं. शेडकडे तर कुणी फिरकेना. ज्या माणसाच्या नुसत्या कानावर अर्ध्या रोह्याचा विश्वास होता त्याला पोरंटोरं भंगारवाला म्हणायला लागली. पुढच्या वर्षी शेड उतरवली आणि नवरा-बायको पेणला गेले. तिथं मोठ्या गणपतींना आतून लोखंडी सांगाडा लागतो, तो वेल्ड करायचं काम धरलं. मी रोज पेणला जात होतो, दिवसातून दोन-दोनदा, पण सहा वर्षं त्यांच्या आळीत पाय ठेवला नाही. कुठल्या वेळी ते चहाला नाक्यावर येतात ते मी माहीत करून घेतलं होतं. त्या वेळी मी नाक्यावर नसायचो.

सातव्या वर्षी गाठ पडलीच. एका मंडळानं मला त्यांच्या गणपतीचा सांगाडा आणायला पाठवलं. पत्ता त्यांच्याच आळीतला निघाला, मंडळाला नाही म्हणता येईना. गेलो तर पत्र्याचं छप्पर, पुढं काम, मागं संसार. वस्ताद पाटावर बसून सळया जोडत होते. पिवळं हेल्मेट गेलेलं, केस पांढरे. मला बघून डोळ्यावरची काळी काच वर केली आणि "ये," म्हणाले, काल भेटल्यासारखं. आतून वहिनी आल्या. पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला आणि एकदम हात जोडून उभ्या राहिल्या.

"भावजी, तुमचा लय नुकसान झाला आमच्यापायी. पंधरा मानसांचा जीव जायचा तो देवानं राखला. मला अजून आठवला का झोप येत नाय. ह्यांना किती वेला सांगितला, रोह्याला जा, त्याच्या पाया पड, माफी माग. तर हे कायच बोलत नाय, गप बसतात. आता मीच मागते. पदर पसरते तुमच्यापुढं."

म्हणजे त्यांनी घरातसुद्धा सांगितलं नव्हतं. जिला तो गाळा दाखवला, तिलाही नाही. ती बाई सात वर्षं माझी लाज आपली म्हणून वागवत होती.

वस्ताद माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. ते वाट बघत होते, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं. तिथं स्टँड नव्हता, अध्यक्ष नव्हता, माझा नंबर जायची भीती नव्हती. आम्ही तिघंच. एक वाक्य बोललो असतो तर त्या बाईला तिचा नवरा परत मिळाला असता.

मी म्हणालो, "असू द्या वहिनी. मी कधी मनात धरलं नाही."

वहिनींनी डोळ्याला पदर लावला. "देवमानूस हायत तुम्ही," म्हणाल्या. वस्तादांनी काळी काच परत डोळ्यावर ओढली आणि मान खाली घातली. लाज मला वाटायला हवी होती, आणि मान त्यांनी खाली घातली.